जुन्या लग्नाच्या कॅसेटमधली ‘डीम-फुल’: आधी दहा मिनिटं तपासा, मग सॉफ्टवेअर उघडा



व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून देण्याच्या छोट्या धंद्यावर आपण व्हिडिओ केला, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, कॅसेट तर कॉम्प्युटरवर घेतली, पण चित्र सारखं डीम-फुल होतंय. कोणतं सॉफ्टवेअर टाकू?"

आजचा धडा त्यावरच आहे. व्हिडिओत स्क्रीनवर जे दाखवलंय ते इथे सविस्तर लिहून देतोय, म्हणजे काम करताना शेजारी उघडं ठेवता येईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सॉफ्टवेअर ही या कामातली शेवटची पायरी आहे. चित्र डीम-फुल होण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. व्हीसीआरचं हेड घाण झालेलं असताना तुम्ही फिल्टर लावत बसलात, तर दोन दिवस जातील आणि चित्र होतं तसंच राहील. आणि त्या दोन दिवसांचे पैसे ग्राहक देत नाही.

हे काम कोणाला हवंय?

व्हीएचएस हा प्रकार जेव्हीसी कंपनीने जपानमध्ये १९७६ साली आणला. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं आणि त्यानंतर घराघरात टीव्ही, पाठोपाठ व्हीसीआर आले. नव्वदच्या दशकात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांत लग्नाची शूटिंग करणारे स्टुडिओ उभे राहिले. एकट्या बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्या काळात ज्यांच्या घरी लग्न झालं, त्यांच्या कपाटात आज एखादी तरी कॅसेट असण्याची शक्यता आहे.

आता गणित बघा. १९९८ ते २००३ मधल्या लग्नांची पंचविशी २०२३ ते २०२८ मध्ये येते. मुलं मोठी झालीत, पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत आणि त्यांना आई-वडिलांच्या वाढदिवसाला ते लग्न मोठ्या टीव्हीवर लावायचंय. पण व्हीसीआर कुठून आणणार? जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे जे मशीन आज चालू आहे तेवढंच.

सिनेमांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या रिळांची काळजी घेणारी माणसं तिथे आहेत. तुमच्या गल्लीतल्या मावशींच्या लग्नाची कॅसेट मात्र फक्त मावशींच्या कपाटात आहे. ती तुटली तर दुसरी प्रत कुठेच नाही. त्या कॅसेटमध्ये त्यांचे वडील चालताना, बोलताना दिसत असतील, आणि घरात त्यांचा भिंतीवरच्या फोटोशिवाय दुसरा काही पुरावा नसेल. हे काम हातात घेताना एवढं लक्षात ठेवा.

डीम-फुल कुठे तयार होते?

आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात. प्रत्येक चित्र दोन भागांत रेकॉर्ड होतं. आधी एक आड एक ओळी, मग राहिलेल्या ओळी. या प्रत्येक भागाला फील्ड म्हणतात. म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. व्हीसीआरमधला चकचकीत ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो. साध्या मशीनमध्ये त्यावर समोरासमोर दोन हेड असतात आणि एक हेड एक फील्ड वाचतं. एवढं समजलं की पुढचं सोपं जातं.

उजेड कमी-जास्त होण्याच्या जागा तीन:

१. शूटिंगच्या वेळी. कॅमेरा किंवा मांडवातली लाइट.
२. कॉपी करताना. स्टुडिओत मिक्सिंग करून कॅसेटवरून कॅसेट काढली तेव्हा.
३. आज तुमच्या टेबलावर. व्हीसीआर, वायर किंवा कॅप्चर डोंगल.

तिसऱ्या जागेचा दोष तुम्ही पूर्ण घालवू शकता. दुसऱ्या जागेचा दोष कधीकधी टाळता येतो. पहिल्या जागेचा दोष फक्त कमी करता येतो. ग्राहकाला काय शब्द द्यायचा, हे या तीन वाक्यांवर ठरतं.

दहा मिनिटांच्या चार चाचण्या

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी तिच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घालू नका. बुरशी मशीनला लागते आणि तिथून पुढच्या ग्राहकाच्या कॅसेटला. कॅसेट स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेली टेप सारख्या ताणाने गुंडाळली जाते. मग चाचण्या करा.

पहिली: तोच तुकडा दोनदा चालवा. जिथे चित्र डीम-फुल होतं तिथली एखादी खूण धरा. उदाहरणार्थ, मामा नवरीला घेऊन येतात तो क्षण. काउंटरवर अवलंबून राहू नका, तो सरकतो. तुकडा दोनदा कॅप्चर करा. दोन्ही वेळा बरोबर त्याच क्षणी उजेड उतरत असेल, तर दोष टेपमध्ये रेकॉर्ड झालेला आहे. दर वेळी वेगळ्या जागी होत असेल, तर दोष तुमच्या टेबलावर आहे.

दुसरी: व्हीसीआर थेट जुन्या डब्ब्याच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्थिर आणि कॉम्प्युटरवर डीम-फुल, म्हणजे कॅप्चर डोंगल गडबड करतंय. पिक्चर ट्यूबचा टीव्ही डळमळीत सिग्नल सांभाळून घेतो, स्वस्त डोंगलला ते जमत नाही.

तिसरी: दुसरी चांगली कॅसेट त्याच मशीनमध्ये लावा. तीही तशीच दिसली तर व्हीसीआर साफ करायची वेळ झाली.

चौथी: नावाच्या अक्षरांकडे बघा. ही माझी सगळ्यात आवडती चाचणी, कारण हिला काहीच खर्च नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये चालू चित्रावर ‘शुभविवाह’ किंवा वधू-वरांची नावं टाकलेली असतात. ती अक्षरं स्टुडिओत मिक्सिंगच्या वेळी आली आहेत, मांडवात नव्हती. मागचं चित्र डीम-फुल होतंय आणि अक्षरं मात्र एकसारखी चमकतायत, तर दोष शूटिंगचा आहे. अक्षरंसुद्धा चित्राबरोबर मंद-तेज होत असतील, तर दोष मिक्सिंगच्या नंतर आलाय. म्हणजे कॉपी करताना किंवा तुमच्याकडे. हे वेगळं काढायला पहिल्या दोन चाचण्या आहेतच.

चाचण्यांचा निकाल कॅसेटबरोबर ठेवायच्या चिठ्ठीवर लिहा. आठ दिवसांनी पाच कॅसेट टेबलावर आल्या की कोणती कशी होती ते आठवत नाही.

दोष टेबलावर असेल तर

*हेड साफ करणं.* एक हेड घाण झालं की एक आड एक फील्डमध्ये मुंग्या येतात आणि चित्र फार वेगाने फडफडतं. मशीनचा प्लग काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची पट्टी घ्या. पट्टी ओली करून ड्रमला हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून फिरवा. पट्टी वर-खाली अजिबात घासायची नाही, हेड तुटतं. कानात घालायची कापसाची काडीसुद्धा हेडला लावायची नाही, तंतू अडकून हेड मोडतं. पूर्ण वाळल्यावरच मशीन लावा.

*वायर.* पिवळी पिन ढिली असली की उजेड खाली-वर होतो. पिन हलवून बघा. आणि एकाच पिनला दुफाटा लावून टीव्ही आणि डोंगल दोन्ही जोडू नका. सिग्नल वाटला जातो, चित्र अंधारतं, मग डोंगल ते ओढूनताणून उजळ करायला बघतं. मशीनला एस-व्हिडिओ असेल तर तेच वापरा.

*डोंगलचा ऑटो गेन.* डोंगल येणाऱ्या सिग्नलची ताकद मोजून उजेड आपोआप जुळवतं. जुन्या टेपचा सिग्नल डळमळला की त्याचं मोजमाप चुकतं आणि चित्र श्वास घेतल्यासारखं मंद-तेज होतं. यावर खरा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो महाग पडतो आणि सहज मिळत नाही. गावात जमणारा उपाय असा: ज्याला एव्ही-इन आहे असा जुना डीव्हीडी रेकॉर्डर किंवा मिनी-डीव्ही कॅमेरा मधे ठेवा. व्हीसीआर त्यात जाईल आणि त्यातून बाहेर पडलेला सिग्नल डोंगलला. बऱ्याच वेळा मधलं यंत्र सिग्नल सरळ करून देतं आणि डीम-फुल तिथेच थांबते.

‘एव्ही टू एचडीएमआय’ची छोटी डबी या कामाला घेऊ नका. बऱ्याच डब्या ५० चं ६० करतात, फील्ड एकमेकांत मिसळून टाकतात, आणि मग पुढची कोणतीच दुरुस्ती धड होत नाही.

*सिनेमाची कॅसेट.* विकत मिळायच्या अनेक सिनेमा कॅसेटमध्ये मॅक्रोव्हिजन नावाचं कॉपी-संरक्षण असायचं. ते मुद्दाम सिग्नलमध्ये असे ठोके घालतं की कॉपी करणाऱ्या यंत्राचा ऑटो गेन गोंधळतो आणि चित्र अंधारतं-उजळतं. तिथे दोष शोधत बसू नका, आणि काम घेऊही नका. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातलं कलम ६५-अ असं संरक्षण तोडण्याबद्दल आहे. "सिनेमाची कॅसेट घेत नाही, घरचीच घेतो," असं काउंटरवर स्वच्छ सांगा.

दोष कॉपीचा असेल तर

घरी दिलेली कॅसेट ही बहुतेक वेळा मास्टरची कॉपी असते, कधी कॉपीचीही कॉपी. म्हणून ग्राहकाला विचारा, "शूटिंग कोणी केली होती? तो स्टुडिओ अजून आहे का?" नवऱ्याकडची आणि नवरीकडची अशा दोन कॅसेट निघाल्या असतील, तर दुसऱ्या घरची मागवून बघा. एका घरची माळ्यावर उन्हात पडलेली असते आणि दुसऱ्या घरची कपड्यांत गुंडाळून जपलेली असते. एका फोनमध्ये जे मिळू शकतं ते सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर बसूनही मिळत नाही.

दोष शूटिंगचा असेल तर आधी प्रकार ओळखा

*कॅमेऱ्याची आयरिस.* खांद्यावरचे कॅमेरे उजेड आपोआप जुळवायचे. अंतरपाट हे उत्तम उदाहरण आहे. पांढरं कापड समोर आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो डोळा बारीक करतो आणि आजूबाजूचे चेहरे काळे पडतात. अंतरपाट खाली आला की हळूहळू परत उजळतं. हा बदल सावकाश असतो, एक-दोन सेकंदांचा.

*जनरेटरची लाइट.* ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा ५० फील्ड घेतो, म्हणजे प्रत्येक फील्डला बरोबर दोन ठोके मिळतात आणि चित्र स्थिर दिसतं. पण मांडवात लोडशेडिंगमुळे जनरेटर लावला आणि तो ५२ हर्ट्झवर पळत असला, तर लाइट १०४ वेळा लुकलुकते. जास्तीचे चार ठोके चित्रात सेकंदाला चार वेळा मंद-तेज होताना दिसतात. कॅमेऱ्याचं शटर वेगवान ठेवलेलं असेल तर हे फारच ठळक होतं.

*परदेशी कॅमेरा.* अमेरिकेहून किंवा जपानहून पाहुण्यांनी आणलेला कॅमेरा एनटीएससी पद्धतीचा असतो, म्हणजे सेकंदाला जवळपास ६० फील्ड. आपल्या ट्यूबलाइटखाली त्याचा उजेड दर तीन फील्डला एक फेरी पूर्ण करतो. एक-एक फील्ड पुढे सरकवत बघितलं की तीनचा ठेका स्पष्ट कळतो.

*खरा बदल.* हॅलोजन धरणारा पोरगा वळला, फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, वरातीत फटाके वाजले. हा दोष नाही. मांडवात खरोखर तसंच झालं होतं. त्याला हात लावायचा नाही.

कॅप्चर करताना

दुरुस्तीसाठी घेतलेली फाइल दाबून लहान केलेली नको. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, आणि इंटरलेस्ड तशीच ठेवा. जागेचा हिशेब असा: काहीही न दाबता घेतलं तर तासाला सुमारे ७५ जीबी, डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी. हफीयूव्ही यांच्या मधे बसतं आणि त्यात चित्राचं काहीच जात नाही. १८० मिनिटांची कॅसेट डीव्हीमध्ये ३९ जीबीच्या आसपास जाते. एक टीबीच्या डिस्कवर अशा साधारण २५ कॅसेट बसतील.

कॅप्चर सुरू करण्याआधी डोंगलच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बघा. कसोटी सोपी आहे: मांडवातल्या आजोबांच्या पांढऱ्या टोपीच्या घड्या दिसल्या पाहिजेत. टोपी सपाट पांढरी दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट उतरवा. एकदा उडालेला पांढरा रंग नंतर कोणताही फिल्टर परत आणत नाही, कारण त्या जागी माहितीच शिल्लक नसते.

आता सॉफ्टवेअर

क्रम चुकवू नका:

१. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. तिला पुन्हा हात नाही.
२. डीइंटरलेस करून ५० फील्डच्या ५० पूर्ण फ्रेम करा. दोन फील्डचा उजेड वेगळा असेल तर ते एकाच फ्रेममध्ये अडकलेले असताना दुरुस्त होत नाहीत. एनटीएससी कॅसेट असेल तर त्याच हिशेबाने ६०.
३. मग डिफ्लिकर.
४. मुंग्या कमी करायचा फिल्टर लावायचा असेल तर तो डिफ्लिकरनंतर. उजेड हलत असताना तो फिल्टर हालचाल आणि दोष यांत गोंधळतो.
५. शेवटी ग्राहकासाठी एच.२६४ फाइल.

फुकटात दोन रस्ते आहेत. एक, व्हर्च्युअलडब आणि त्यात बसणारे डिफ्लिकर फिल्टर. मॉस्को विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने केलेला एमएसयू डिफ्लिकर त्यातलाच. दोन, एफएफएमपेग, ज्यात डिफ्लिकर नावाचाच फिल्टर आहे. दा विंची रिझॉल्व्हमध्येही डिफ्लिकर आहे, पण तो पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत. आणि नावाला फसू नका: प्रीमिअरमधला ‘अँटी-फ्लिकर’ हा बारीक आडव्या रेघांचं थरथरणं कमी करण्यासाठी आहे. आपल्या डीम-फुलशी त्याचा संबंध नाही.

एफएफएमपेगचा फिल्टर कसं काम करतो ते समजून घ्या, बाकीचे समजायला मदत होईल. तो प्रत्येक फ्रेमचा एकूण उजेड मोजतो, आसपासच्या काही फ्रेमची सरासरी काढतो, आणि फ्रेमला त्या सरासरीकडे आणतो. किती फ्रेमची सरासरी, याला ‘साइज’ म्हणतात. न बदलता सोडलं तर ती ५ असते, आणि २ ते १२९ पर्यंत ठेवता येते.

साइज ठरवायचा नियम: डीम-फुलची निदान एक पूर्ण फेरी तिच्यात बसली पाहिजे. जनरेटरवाल्या उदाहरणात सेकंदाला चार फेऱ्या, म्हणजे ५० फ्रेममध्ये एक फेरी साडेबाराची. तिथे ५ पुरणार नाही, २५ ठेवा. परदेशी कॅमेऱ्याच्या तीनच्या ठेक्याला ३ किंवा तीनच्या पटीतला आकडा ठेवा.

तुकड्यात फ्लॅश उडत असतील तर साधी सरासरी धोका देते. एका फ्लॅशमुळे आजूबाजूच्या फ्रेमही उजळून निघतात. तिथे ‘मीडियन’ प्रकार निवडा, म्हणजे शेजारच्या फ्रेम जागेवर राहतील. पण मीडियनमध्ये फ्लॅश स्वतः दाबला जातो, म्हणून ते सेकंद वेगळे कापून मूळचे तसेच जोडणं सगळ्यात चांगलं. पूर्ण तीन तासांवर एकच फिल्टर कधीच लावू नका. जिथे दुखतंय तेवढ्याच तुकड्याला लावा.

अंतरपाटाच्या आयरिसला हे फिल्टर जमत नाहीत. बदल सावकाश असतो, आणि पूर्ण फ्रेम उजळली की कापड अजून पांढरं होतं. तिथे एडिटिंगमध्ये हाताने की-फ्रेम टाका. अंधार सुरू होतो तिथे एक, सगळ्यात जास्त आहे तिथे एक, संपतो तिथे एक. चेहरे दिसण्याइतकं उजळा आणि थांबा.

निकाल तपासताना दोन गोष्टी बघा. चेहऱ्यांचा रंग खडूसारखा झालाय का? आणि काळ्या भागात मुंग्या वाढल्यात का? दोन्हीपैकी काही दिसलं तर जोर कमी करा. थोडी डीम-फुल राहिलेली चालते, आजी ओळखू न येणं चालत नाही.

याचा एक जास्तीचा फायदा आहे. प्रत्येक फ्रेमचा उजेड बदलत असला की फाइल दाबताना फुगते किंवा ठोकळे दिसतात. उजेड स्थिर झाला की तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या तुकड्यातसुद्धा बरी दिसते.

ग्राहकाशी काय बोलायचं आणि दर कसा लावायचा

कॅसेट हातात घेताना विचारा, "मावशी, यात आता नसलेलं कोण आहे? साधारण कुठे दिसतात?" हा प्रश्न भावनेचा आहे आणि कामाचाही. हाताची दुरुस्ती पूर्ण कॅसेटला परवडत नाही. ती कोणत्या दहा मिनिटांवर करायची, हे या उत्तरावरून कळतं. जेवणाच्या पंगतीच्या अर्ध्या तासाला कोणी डीम-फुलची तक्रार करत नाही. वडील मुलीला निरोप देतात ती दोन मिनिटं मात्र कुटुंब पुन्हा पुन्हा बघतं.

मग चाचणी झाल्यावर, तिसऱ्या दिवशी नाही तर त्याच दिवशी, साध्या भाषेत सांगा:

"काका, लाइट खाली-वर होते ती आमच्या मशीनमुळे नाही, त्या वेळी जनरेटरवर शूटिंग झालंय. पूर्ण जाणार नाही. पण चेहरे नीट दिसतील इतकी कमी करून देतो. आधी एका मिनिटाचा नमुना बघा, मग पुढचं ठरवा."

नमुना दाखवून होकार घेतला की नंतरचे वाद बरेच कमी होतात.

दराचं गणित उदाहरणाने बघू. आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. कॅप्चर तासाला २०० रुपये, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटचे ६००. दर नेहमी टेपच्या तासावर लावा, कॅसेटच्या नगावर नको, कारण कॅसेट जितकी लांब तितका वेळ मशीन अडकतं. तुमच्या एका तासाच्या हातकामाची किंमत १५० धरली आणि तासात पाच मिनिटांची दुरुस्ती होत असेल, तर एका मिनिटाच्या दुरुस्तीचे ३० रुपये झाले. पूर्ण १८० मिनिटांचे ५,४०० होतात. ते कोणी देणार नाही. निवडलेल्या दहा मिनिटांचे ३०० होतात. एकूण बिल ९००. हे ग्राहकाला पटतं आणि तुम्हालाही परवडतं.

एक व्हीसीआर दिवसात किती काम करतो तेही लिहून ठेवा. तीन तास चालणं आणि अर्धा तास तपासणी-रिवाइंड. सकाळी १० ते रात्री ८ दुकान उघडं असेल तर दिवसाला दोन, फार तर तीन कॅसेट. यात घाई करायला जागा नाही. म्हणून लग्नसराईत "उद्या देतो" असा शब्द देऊ नका. धंदा वाढला तर आधी दुसरा व्हीसीआर शोधा. जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे आणि भंगारवाल्यांकडे चौकशी करून ठेवा. त्यासाठी सुरुवातीलाच कर्ज काढायची गरज नाही.

माल देताना तीन गोष्टी द्या: दुरुस्त फाइल, न दुरुस्त केलेली मूळ फाइल, आणि कॅसेट परत. मूळ फाइल दिलीच पाहिजे. दहा वर्षांनी यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर येईल, तेव्हा कॅसेट चालेलच असं नाही. कॅसेट रिवाइंड करून, मागची रेकॉर्डिंग-टॅब तुटलेली आहे ना ते बघून परत करा, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही.

आणि ग्राहकाचं लग्न तुमच्या जाहिरातीच्या रीलमध्ये वापरायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. पैसे देऊन शूटिंग करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने त्याचा पहिला मालक तो ग्राहकच असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

नवीन काहीही विकत घेऊ नका. नातेवाइकांकडून एक जुनी कॅसेट आणा, चालू व्हीसीआर कोणाकडे आहे ते शोधा, आणि वरच्या चार चाचण्या करून वहीत लिहा: डीम-फुल कुठे दिसली, दोन्ही वेळा तिथेच आली का, टीव्हीवर दिसली का, नावाची अक्षरं हलली का. शेवटी एका ओळीत निदान लिहा: शूटिंग, कॉपी की टेबल.

ती एक ओळ तुम्हाला खात्रीने लिहिता आली, की समजा पहिली ऑर्डर घ्यायला तुम्ही तयार आहात. कॅसेट कोणाची होती ते नाव न लिहिता तुमचं निदान मला कळवा. पुढच्या भागात त्यातली तीन-चार घेऊन एफएफएमपेगमध्ये साइज कशी ठरवायची ते स्क्रीनवर करून दाखवतो.